यांची फाईल आणि माझा झटका

हॉस्पिटलवाल्यांनी स्ट्रेचरवर माझ्या नवऱ्याला झोपवलं. झटका मला आला होता.

मी बाजूला उभी होते. एका हातात यांची फाईल, दुसऱ्या हातात यांचा चष्मा. छातीवर कुणीतरी पाटा ठेवून वर बसल्यासारखं वाटत होतं. जबडा दुखत होता, डावा खांदा दुखत होता, आणि घाम असा की पदर पिळला असता तर पाणी निघालं असतं. समोर दोन वॉर्डबॉय यांच्या सदऱ्याची बटणं काढत होते.

"काका, घाबरू नका. लांब श्वास घ्या."

"अहो, मला नाही, हिला होतंय," हे म्हणाले.

"सगळे पेशंट असंच म्हणतात, काका. बोलू नका, ताण येतो."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "झोपा तुम्ही. आलोच आहोत तर काढून होऊ दे तुमचा कार्डिओग्राम."

हे झोपले. चोपन्न वर्षांच्या संसारात मी झोपा म्हटलं की हे झोपतात आणि उठा म्हटलं की उठतात. एरवी हा चांगला गुण आहे. त्या दिवशी त्या गुणापायी माझा जीव जायची वेळ आली.

सिस्टरनं कागद पुढे केला. "आजी, नातेवाईक तुम्हीच ना? इथे सही करा. पेशंटच्या जिवाला धोका आहे हे तुम्हाला समजावून सांगितलंय, असं लिहिलंय."

मी सही केली. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण सही गोल आणि स्वच्छ येते. त्या दिवशी आडनावाचं शेवटचं अक्षर कागद सोडून टेबलावर गेलं.

मी गप्प का राहिले, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. कारणं दोन. एक म्हणजे मला गॅस झालाय अशी माझी खात्री होती. दुसरं, यांचा कार्डिओग्राम दोन महिने राहिला होता. ओपीडीत त्यासाठी दीड-दोन तास बसावं लागतं, इथे बिनरांगेचा होत होता. यांचं उरकलं की गॅसची एक गोळी मागून घेऊ आणि घरी जाऊ, असा माझा हिशोब.

आता कोलेस्टेरॉलचं सांगते. गॅसचं कनेक्शन जसं घरात एकाच्याच नावावर असतं, तसं आमच्याकडे कोलेस्टेरॉल यांच्या नावावर होतं. आम्ही दोघं डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मुलगा आणि सून घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहतात. तिथे लिफ्ट चार आहेत आणि बोलायला माणूस एक नाही. चार वर्षांपूर्वी मुलानं तिथून फोनवरूनच लॅबचा माणूस आमच्याकडे पाठवला, यांचं सगळं रक्त तपासायला.

"आई, तुझं पण घेऊ दे," मुलगा फोनवर म्हणाला.

"मला काय धाड भरलीय? मी दिवसातून दोनदा पिशव्या घेऊन तीन मजले चढते. तुझे बाबा रिकाम्या हातानं चढून धापा टाकतात. त्यांचंच घे."

लॅबच्या माणसानं सुई काढली होती, ती त्यानं परत ठेवली. मुलानंही फार ताणलं नाही. बाईमाणूस धडधाकट आहे असं ती स्वतःच म्हणत असेल, तर घरात सगळ्यांना ते सोयीचं पडतं.

यांचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरनं रात्रीची एक गोळी दिली आणि काय खायचं नाही त्याची यादी दिली. तूप, लोणी, साय, तळलेलं, मटणाची चरबी, अंड्यातला पिवळा बलक. ती यादी मी फ्रिजवर चिकटवली आणि पोलीस झाले. यांच्या खिशात वड्याचा वास आला की मी ओळखायची. एकदा हे चौकातल्या गाडीसमोर उभे दिसले, हातात कागदाचा पुडा. मी मागून जाऊन उभी राहिले.

"दुसऱ्याचा धरलाय," हे म्हणाले.

"कुणाचा?"

यांनी इकडेतिकडे बघितलं. ओळखीचं कुणी दिसेना. शेवटी तो पुडा वडेवाल्यालाच परत दिला. तो म्हणाला, "काका, खाल्लेला परत घेत नाही."

आता, यादीप्रमाणे यांना द्यायचं नाही ते ठीक. पण त्या वस्तूंचं करायचं काय, ते डॉक्टरनं लिहिलं नव्हतं. सकाळी यांना दोन उकडलेली अंडी, त्यातलं पांढरं. राहिले दोन पिवळे. दुधावर साय येते ती येणारच. मटणाचे चरबीचे तुकडे यांच्या ताटातून काढले की वाटीत जमतात. माझं माहेर शहाडजवळचं, नदीकाठचं. आठ भावंडांत वाढले. कुणी अन्न टाकलं की आई तेच उष्टं रात्री त्याच्याच ताटात वाढायची. त्यामुळे अन्न टाकायला माझा हात धजत नाही. मी उभ्या उभ्या ओट्याशी सगळं खाऊन टाकायची. ते जेवणात मोजायचंच नाही. जेवण वेगळं, ते मी नंतर बसून जेवायची.

अशी चार वर्षं गेली. यांचं कोलेस्टेरॉल खाली आलं. मी बिल्डिंगमधल्या बायकांना सांगायची, पथ्य असं सांभाळावं लागतं.

ज्या दिवशी झटका आला तो श्रावणाचा पहिला दिवस होता. आदल्या दिवशी गटारी. मुलगा-सून जेवायला आली होती. मी दोन किलो मटण केलं. पूर्वी आम्ही चौघं मिळून तेवढं संपवायचो आणि टोप पावानं पुसायचो. पण सुनेनं तीन तुकडे घेतले आणि त्यांतला एक परत ठेवला.

"आई, छान झालंय, पण मी सध्या मोजून खाते."

"मग मोज की. तीनच्या पुढे आकडे येतात ना?"

ती हसली, पण खाल्लं नाही. मुलगा तिच्याकडे बघून थांबला. यांना मी दोन तुकडे दिले, चरबी काढलेले. सगळी गेली, आणि ओट्यावर अर्धा टोप मटण राहिलं. वर बोटभर तर्री.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण. महिनाभर घरात मांस-मच्छी नाही. फ्रिजमध्ये ठेवणार कसं? सकाळी नैवेद्याचं दूध त्याच फ्रिजमधून काढायचं. शेजारणीला द्यायला गेले तर तिच्याकडे तिचाच टोप उरलेला, ती मलाच देऊ बघत होती. मग मी पाट घेतला आणि बसले. आमच्या भागात गटारीला पुरुष दारू पिऊन पडतात. मी कधी थेंब घेतला नाही. मी मटण खाऊन पडले.

सकाळी सहाला छातीत भरून आलं. मी म्हटलं, रात्रीचं आहे. ओवा खाल्ला. सोडा घातलेलं पाणी प्यायले. आंघोळ केली, पूजा केली, वरणभाताचा कुकर लावला. भाजी चिरताना डावा हात जड झाला, म्हणून उजव्यानंच चिरली. साडेआठला मी ओट्याला धरून उभी होते तेव्हा हे आत आले.

"अगं, चहाचं काय झालं?"

मी उत्तर दिलं नाही. मी उत्तर देत नाही असं सहसा होत नाही, त्यामुळे हे घाबरले. "चल, डॉक्टरकडे जाऊ," म्हणाले. मी म्हटलं, "फाईल घ्या." आमच्या घरात हॉस्पिटल म्हणजे फाईल. फाईलशिवाय कुणी बघत नाही हे मला पक्कं माहीत. आणि घरात फाईल एकच होती.

तीन मजले मी उतरले. यांनी माझा दंड धरला होता. यांना वाटत होतं हे मला आधार देतायत, पण यांचे गुडघे गेलेले आहेत. प्रत्येक पायरीला यांचा सगळा भार माझ्यावर यायचा. हॉस्पिटलच्या दारात रिक्षातून उतरलो तेव्हा हे पांढरेफटक पडले होते, धापा टाकत होते आणि माझ्या अंगावर रेलले होते. माझ्या हातात फाईल. वॉर्डबॉयनं ती घेतली, उघडली. पहिल्याच पानावर यांचं नाव आणि खाली लाल शाईत हृदयविकाराचा धोका असं लिहिलेलं. त्यानं यांच्याकडे बघितलं आणि स्ट्रेचर ओढलं. मी त्याला दोष देत नाही. मी असते तरी यांनाच उचललं असतं.

तर यांच्या छातीला जेली लावून चिमटे बसवले होते, मी उभी होते, आणि लादी पुसणारी एक मावशी पोछा घेऊन माझ्यापाशी आली. माझ्याच वयाच्या आसपासची असेल, चार-पाच वर्षांनी लहान.

"ओ बाई, जरा सरका. लादी ओली हाय."

मला सरकता येईना. तिनं मान वर केली.

"काय हो, सगळा ब्लाऊज भिजलाय तुमचा."

"गॅस झालाय."

"आन् नखं निळी कशानं पडली?"

मी नखं बघितली. पडली होती.

"ओ सिस्टर," ती तिथूनच म्हणाली, "त्या काकांना खाली उतरवा. पेशंट ही हाय."

"मावशी, तुम्ही तुमचं काम करा ना."

"करते की. ही इथं पडली तर मलाच पुसायचं हाय."

तेवढ्यात आतून तरुण डॉक्टर यांच्या कार्डिओग्रामची पट्टी घेऊन आला. "काकांचा एकदम नॉर्मल आहे. या वयात इतका चांगला क्वचित बघायला मिळतो. काय खायला घालता त्यांना?"

मला बरं वाटलं. चार वर्षांच्या कष्टांचं कुणीतरी नाव काढलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि त्याच्या पांढऱ्या बुटांवर ओकले. श्रावणाच्या पहिल्या दिवशी, सोवळ्यात आंघोळ-पूजा करून, मटण.

मग मात्र धावाधाव झाली. तिथे रिकामं स्ट्रेचर एकच होतं, आणि त्यावर नॉर्मल माणूस झोपला होता. यांना चिमट्यांसकट उतरवलं आणि मला चढवलं. स्ट्रेचर यांच्या अंगानं अजून गरम होतं. पट्टी सरसर बाहेर आली. डॉक्टरनं ती बघितली आणि या वेळी जेवणाचं काही विचारलं नाही.

"आजी, दुखायला कधी लागलं?"

"सहाला."

"आत्ता नऊ वाजून गेलेत. आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"यांचं चाललं होतं ना."

त्यानं यांच्याकडे बघितलं. हे उघड्या अंगानं उभे, छातीला जेली, हातात सदरा.

"बीपी, शुगर?"

"माहीत नाही."

"कोलेस्टेरॉल?"

"मला कोलेस्टेरॉल नाही. ते यांना आहे."

"कधी तपासलंय?"

"तपासलं नाही. पण नाही."

डॉक्टर सिस्टरशी हळू बोलला. मला ऐकू आलं. मोठा झटका आहे, शीर बंद आहे, वरच्या मजल्यावर नेऊन आत्ताच्या आत्ता उघडावी लागेल, आधीच तीन तास गेलेत. वय बघता काही सांगता येत नाही, असंही म्हणाला. हळू बोललं की म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, असं या तरुण पोरांना का वाटतं कोण जाणे.

आता सही करायची पाळी यांची आली. पेशंटशी नातं, असा रकाना होता. यांनी तिथे पेन टेकवलं आणि थांबले. मला वाटलं नातं आठवत नाहीय. बघते तर यांचा चष्मा अजून माझ्याच हातात होता.

मी स्ट्रेचरवरून सांगायला लागले. "कुकर उतरवलाय, वरण फोडणीला टाकायचं राहिलंय. दूध तापवलेलं नाही, ते नासेल. तुमची रात्रीची गोळी साखरेच्या डब्यामागच्या डब्यात आहे. मोलकरणीला सांगा की..."

"अगं, गप्प बस," हे म्हणाले.

चोपन्न वर्षांत पहिल्यांदा हे मला असं बोलले. मी गप्प बसले. तेव्हा मला कळलं की आपण मरू शकतो. त्याआधी मला खरंच तसं वाटलं नव्हतं. भीती वाटली का, तर वाटली. जास्त राग आला. श्रावणातले चारही सोमवार बाकी होते, आणि या माणसाला साबुदाणा किती वेळ भिजवायचा हेसुद्धा माहीत नव्हतं.

वर त्यांनी मनगटातून तार घातली. भूल अशी नाही, तेवढीच जागा बधिर करतात. वर टीव्हीसारखा पडदा होता. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "आजी, ती बघा तुमची शीर. इथे पूर्ण बंद आहे." मला काळ्या फांद्या दिसल्या, त्यांतली एक मध्येच संपलेली. मुलगा त्या वेळी घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकला होता आणि रक्त माझ्या शिरेत. माझा रस्ता आधी मोकळा झाला. छातीवरचा पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं, इतकं पटकन की मी विचारलं, "झालं?" डॉक्टर म्हणाले, "अजून नाही. हलू नका." मग त्यांनी तिथे जाळीची स्प्रिंग बसवली.

खाली काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी त्या मावशीनं सांगितलं. मुलाला शेजारणीनं फोन केला होता, की बाबांना हॉस्पिटलात नेलंय. आई-बाबा दोघं रिक्षानं गेले आणि बरोबर फाईल होती, म्हणजे बाबांनाच, हे तिनं आपलं आपण ठरवलं. मुलगा धावत आला, काउंटरवर वडिलांचं नाव सांगितलं. काउंटरवरचा म्हणाला, "त्यांचा केसपेपर कॅन्सल झालाय." मुलगा तिथेच खाली बसला. मग मावशीनं त्याला दंडाला धरून बाहेरच्या बाकड्यावर नेलं. तिथे हे बसले होते, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली, आणि वडापाव खात होते.

"बाबा? तुम्ही? बरे आहात?"

"मी नॉर्मल आहे. तुझी आई आत आहे."

मुलानं यांच्या हातातला वडापाव बघितला. हे म्हणाले, "सकाळपासून चहापण नाही रे." आणि मग रडले, असं मावशी म्हणाली. मी यांना कधी विचारलं नाही. वड्याचंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर माझ्या कॉटपाशी आले. माझं रक्त तपासलं होतं. कोलेस्टेरॉल यांचं चार वर्षांपूर्वी होतं त्याहून पुष्कळ जास्त निघालं. "घरात दोघांचं खाणं एकच ना?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. पांढरं यांना, पिवळं मला. साय मला. चरबी मला.

त्यांनी चष्मा काढला. "चार वर्षं?"

"मग टाकायचं का?"

त्यांनी चष्मा परत लावला. मग स्टूल ओढून बसले आणि नीट सांगितलं. एकट्या अंड्यानं असं होत नसतं. पाळी गेल्यावर बायकांचं कोलेस्टेरॉल वाढतं, वर बीपीही निघालं होतं. बायकांना झटका येतो तो पुष्कळदा जबडा, पाठ, गॅस असल्या रूपानं, आणि त्या ओवा खात बसतात. आणि धडधाकट तब्येत बाहेरून बघून आतलं काही कळत नाही, रक्तच तपासावं लागतं.

"माहेरी कुणाला हृदयाचं?" त्यांनी विचारलं.

"दोन भाऊ गेले. एक पन्नाशीत, एक त्याच्याही आत."

"कशानं?"

"दारूनं, असं आम्ही म्हणायचो. छातीत दुखलं आणि गेले."

त्यांनी ते माझ्या कागदावर लिहून घेतलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांच्या रक्ताची मी चार वर्षं राखण केली, आणि माझ्या भावांचं रक्त माझ्याही अंगात आहे, हे मला शहात्तर वर्षांत सुचलं नव्हतं. भावांना मी आयुष्यभर बेवडे म्हणत आले. धाकटा तर फक्त सणाला प्यायचा.

मी रडले वगैरे नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "आता ते पिवळं कुणी खायचं?"

"कचऱ्यात टाका, आजी. तुमचं पोट कचऱ्याचा डबा नाही."

आता मी यांच्यासारखीच रात्री एक गोळी घेते, शिवाय रक्त पातळ करायच्या गोळ्या. अंडं हवं असेल तर एक अख्खं खाते, बसून खाते. उरलेलं टाकायची अजून सवय नाही. झाकण उघडते, बंद करते, मग यांना सांगते, तुम्ही टाका. हे टाकून येतात.

झटक्यानंतर मला ठेवलं त्या अतिदक्षता विभागात माझ्याबरोबर चार जण होते. माझ्या डावीकडे अठ्ठेचाळीस वर्षांचा एक माणूस, रोज सकाळी पळायला जाणारा, कल्याणहून आणलेला. समोर दोन म्हातारे. कोपऱ्यात माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाई, तीही घरी आठ तास गॅस समजून बसली होती. पळणारा माणूस पहिल्याच रात्री गेला. कोपऱ्यातली बाई तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. दोन्ही म्हातारे घरी गेले, आणि मी घरी आले.